बिघडली तरी घरी आणणारी

काही शब्द मराठीत असे येऊन बसतात की ते कुठून आले हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही. ‘जीप’ हा त्यातला एक. बाहेरून आला, आल्या आल्या स्त्रीलिंगी झाला आणि घरचाच होऊन राहिला. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तेव्हा त्यांचं लघुरूपही नेमकं ‘जि. प.’ झालं. मग ‘जि. प.ची जीप आली’ हे वाक्य कुणी विनोद म्हणून म्हणत नसे, ती रोजची बातमीच असायची. गटविकास अधिकारी जीपमधून उतरत, हिवतापाच्या फवारणीची माणसं जीपमधून येत, निवडणूक लागली की भोंगा बांधलेली जीप गल्लीबोळांतून फिरे. ती कुठल्या कंपनीची, कोणत्या सालची, हे कुणी विचारत नसे. चार चाकं, चौकोनी तोंड आणि रस्ता नसला तरी येणारी, ती जीप.

एखाद्या कंपनीचं नाव सामान्यनाम होतं तेव्हा त्यामागे लोकांचा मोठा भरवसा असतो. हा भरवसा जीपनं कसा मिळवला आणि पुढे त्या नावाचं काय झालं, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कारण भरवशाची गाडी कशाला म्हणायचं, हा प्रश्न आज पुन्हा आपल्यासमोर आला आहे.

गोष्ट सुरू होते १९४० च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत. युरोपात हिटलरचं सैन्य फ्रान्समध्ये घुसलं होतं. निरोप पोचवायला आणि टेहळणी करायला अमेरिकी सैन्याकडे घोडे आणि मोटारसायकली होत्या, आणि दोन्ही आता पुरे पडणार नाहीत हे दिसत होतं. जुलै महिन्यात सैन्यानं १३५ कारखानदारांना पत्रं पाठवली. छोटी, हलकी, चारही चाकांना इंजिनाचं बळ मिळेल अशी गाडी हवी होती. वजनाची मर्यादा १३०० पौंड, म्हणजे साधारण ५९० किलो. पहिला नमुना ४९ दिवसांत आणि सत्तर गाड्या ७५ दिवसांत द्यायच्या होत्या. बहुतेकांनी त्या पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढे आली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, जवळजवळ दिवाळं निघालेली ‘अमेरिकन बँटम’ ही कंपनी. तिच्याकडे आराखडा काढणारा माणूसही उरला नव्हता. तिनं डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावलं. प्रॉब्स्टनं दोन दिवसांत गाडीचा मुख्य आराखडा कागदावर उतरवला. मिळतील तिथून भाग गोळा झाले, काही हातानं घडवले गेले. २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा-एक तास बाकी असताना, ती गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या लष्करी तळावर पोचली.

तिथे तिची जी परीक्षा झाली, ती ऐकण्यासारखी आहे. खड्डे, चिखल, वाळू, डोंगर असं सुमारे साडेपाच हजार किलोमीटर तिला पिटाळण्यात आलं. पक्की सडक त्यात नावापुरतीच होती. तिचे भाग तुटले, सांध्यांना तडे गेले. तरी सैन्यानं तिला पास केलं. काय तुटलं याची यादी झाली आणि ती यादी पुढच्या गाडीच्या कामी आली. जीपच्या भरवशाचा उगम मला या यादीत दिसतो. ही गाडी मोडणारच नाही असं कुणी गृहीत धरलं नव्हतं. कुठे मोडते ते आधीच पाहून घेतलं होतं.

एवढं करून बँटमच्या पदरात फारसं काही पडलं नाही. एवढ्याशा कारखान्याला युद्धाचा पुरवठा झेपणार नाही, असं सैन्याचं म्हणणं पडलं. होलाबर्डला गाडीची परीक्षा सुरू असतानाच दुसऱ्या दोन कंपन्यांची माणसं तिथे हजर होती आणि बँटमचे आराखडे त्यांना दाखवण्यात आले. एक कंपनी ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातली ‘विलीस-ओव्हरलँड’ आणि दुसरी ‘फोर्ड’. नोव्हेंबरपर्यंत दोघींचे नमुने तयार होते.

विलीसची बाजू भक्कम होती ती इंजिनामुळे. डेलमार रूस, ज्याला सगळे बार्नी म्हणत, हा तिचा मुख्य अभियंता. त्याचं इंजिन साठ अश्वशक्तीचं होतं आणि बाकी दोघांच्या इंजिनांपेक्षा जोरकस होतं. अडचण होती वजनाची. सैन्यानं मर्यादा वाढवून २१६० पौंड केली होती, पण विलीसची गाडी त्याहून बरीच जड होती. मग रूसनं ती अख्खी गाडी खोलली. बोल्ट गरजेपेक्षा लांब असतील तर कापले, पत्रा जाड असेल तर पातळ केला. शेवटी रंगाचा दुसरा हात दिला असता तरी गाडी मर्यादेबाहेर गेली असती, असं सांगतात. १९४१ च्या जुलैमध्ये सोळा हजार गाड्यांचं कंत्राट विलीसला मिळालं. किंमत प्रत्येकी साडेसातशे डॉलरच्या आसपास.

पुढचा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकट्या विलीसवर अवलंबून राहणं सरकारला धोक्याचं वाटलं. म्हणून त्याच वर्षी विलीसचे आराखडे फोर्डला देण्यात आले आणि फोर्डनंही तीच गाडी बनवायची असं ठरलं. अट अशी की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. फोर्डनं आपल्या हद्दीची खूण म्हणून लहानसहान भागांवर, बोल्टांवरसुद्धा आपलं ‘एफ’ अक्षर उमटवलं. पण युद्धभूमीवर त्या अक्षराला कोण विचारतो? एका मोडक्या विलीसचा आस आणि दुसऱ्या मोडक्या फोर्डचं इंजिन एकत्र आलं की तिसरी धडधाकट गाडी उभी राहायची. युद्ध संपेपर्यंत विलीसनं साडेतीन लाखांहून जास्त आणि फोर्डनं पावणेतीन लाखांच्या आसपास गाड्या बनवल्या. ज्या बँटमनं सुरुवात केली, तिच्या वाट्याला पावणेतीन हजारांच्या आतबाहेर गाड्या आल्या. उरलेल्या युद्धात तिनं जीपला मागे जोडायचे ट्रेलर बनवले.

आता या गाडीची रचना पाहू. इंजिनाचं बळ गिअरपेटीतून एका दुसऱ्या पेटीत येतं. तिथून एक दांडा मागच्या चाकांकडे आणि दुसरा पुढच्या चाकांकडे जातो. साध्या रस्त्यावर पुढची चाकं मोकळी सोडायची, चिखल आला की जोडायची. त्याच पेटीत आणखी एक उतरता गिअर असतो. तो टाकला की वेग साधारण निम्मा होतो आणि ओढ जवळजवळ दुप्पट. पुढे-मागे कमानपाटे, वर कापडी टप, दरवाजे नाहीतच. समोरची काच आडवी पाडता येई. पुढचे दिवे बिजागरीवर होते. रात्री गाडी बंद पडली तर दिवा उलटा फिरवून इंजिनावर उजेड पाडायचा. बॅटरी उतरली तर पुढून हँडल मारून इंजिन सुरू करायचं.

दिव्याच्या त्या बिजागरीवर जरा थांबायला हवं. गाडी रात्री, रानात, कारखान्यापासून हजारो मैलांवर बंद पडणार, हे ज्यानं ती बनवली त्याला ठाऊक होतं. आणि ती उघडून बसणारा माणूस अभियंता नसेल, शेतकऱ्याचा वीस वर्षांचा पोरगा असेल, हेही त्यानं धरलं होतं. जीपमध्ये उणिवा पुष्कळ होत्या. बसायला आराम नव्हता, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली होती, वळणावर बेफिकीर राहिलं तर गाडी उलटायची. पण जे बिघडेल ते दिसत होतं, हाताला लागत होतं आणि चार पान्ह्यांनी सुटत होतं. बिघडली तरी घरी आणणारी गाडी, हा भरवशाचा अर्थ तिनं लोकांना शिकवला.

नावाची कथाही मजेची आहे. ‘जी. पी.’ या अक्षरांवरून जीप झालं असं पुष्कळ जण सांगतात. पॉपायच्या चित्रमालिकेत १९३६ पासून ‘युजीन द जीप’ नावाचा एक अद्भुत प्राणी होता. तो कुठूनही कुठेही जाऊ शकत असे. तिथून नाव आलं असंही म्हणतात. छापील प्रसिद्धी मिळाली ती १९४१ च्या सुरुवातीला. वॉशिंग्टनला संसद भवनाच्या पायऱ्या ही गाडी चढून गेली, तेव्हा कॅथरिन हिलियर या वार्ताहर स्त्रीनं ती बातमी दिली आणि हे नाव घरोघरी पोचलं. शब्द शिपायांच्या तोंडचा होता. पण युद्ध संपत आलं तशी विलीसनं ‘जीप आम्हीच निर्माण केली’ अशी जाहिरात चालवली. प्रकरण अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे गेलं. हा दावा दिशाभूल करणारा आहे, मूळ कल्पना बँटमनं सैन्याच्या मदतीनं आकाराला आणली, असा निकाल १९४८ मध्ये लागला. तरीही १९५० मध्ये ‘जीप’ हा ट्रेडमार्क विलीसच्याच नावावर नोंदला गेला. श्रेय एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हे कविता लिहिणाऱ्यांना नवं नाही. कारखान्यांच्या जगातही तेच चालतं.

हिंदुस्थानात जीप आधी सैन्याबरोबर आली. आसामातून ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या लेडो मार्गावर ती धावली. नंतर तिचा कारखाना मुंबईत आला आणि त्या कारखान्याच्या नावाचीही एक कथा आहे. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र या महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. कैलाशचंद्रांची अमेरिकेत बार्नी रूसशी भेट झाली होती आणि तिथूनच जीपचा विचार सुरू झाला, असं कंपनी सांगते. १९४७ मध्ये फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते ५५ या काळात गव्हर्नर जनरलही होते. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. इंग्रजी आद्याक्षरं होती तीच राहिली, ‘एम अँड एम’. एका अक्षरामागचा माणूस सरहद्दीपलीकडे गेला आणि पाटीवर फरकसुद्धा पडला नाही. फाळणीवर एवढ्या कविता वाचल्या, पण या दोन अक्षरांइतकं थोडक्यात कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही.

जीपचे सुटे भाग बोटीनं मुंबईला यायचे आणि माझगावात जुळवले जायचे. पुढे हळूहळू भागही इथेच बनू लागले. जे मॉडेल आपल्याकडे रुजलं ते १९५३ चं सीजे-थ्रीबी. नव्या इंजिनाच्या काही झडपा वरच्या बाजूला आल्या, म्हणून इंजिन उंच झालं आणि त्यासाठी बोनेटही उंच करावं लागलं. आपल्या डोळ्यांसमोर जीपचं जे उंच कपाळाचं तोंड येतं, ते या कारणानं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं. आपल्याकडे त्याच घाटाच्या गाड्या त्यानंतरही कित्येक दशकं बनत राहिल्या.

भरवशाच्या या इतिहासात एक काळं पानही आहे. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधून जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप घ्यायचं ठरलं. आपले तिथले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून सुमारे ८० लाखांचा करार केला. प्रत्यक्षात आल्या १५५ जीप आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा म्हणून आजही त्याचं नाव निघतं. १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण मिटलं असं जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले. गाडी कितीही भरवशाची असो, ती विकत घेणाऱ्या हातांवरही पुष्कळ काही अवलंबून असतं.

त्याच्या उलटचं पान सप्टेंबर १९६५ चं. खेमकरणजवळ असल उत्ताडच्या उसाच्या रानात हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेली तोफ घेऊन पॅटन रणगाड्यांसमोर उभे राहिले. रणगाडा चाळीस-पन्नास टनांचा, पोलादानं मढवलेला. जीपला तर दरवाजाही नाही. तिचं चिलखत एकच, झटकन जागा बदलणं. एक रणगाडा टिपायचा आणि पिकाच्या आडून दुसरीकडे जायचं. हमीद तिथेच शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्या लढाईचं वर्णन त्या जीपशिवाय पुरं होत नाही.

आपल्या गावाकडे मात्र जीपला मोठं केलं ते मिस्त्रींनी. तालुक्याच्या नाक्यावर पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज, भिंतीवर टांगलेले पान्हे, ऑइलनं काळवंडलेली जमीन. तिथल्या मिस्त्रीनं जीपचं कुठलंही पुस्तक वाचलेलं नसे. इंजिनाचा आवाज ऐकून तो सांगायचा, ‘पॉइंट साफ करा’ किंवा ‘पंप गेलाय.’ १९७३ नंतर पेट्रोल भडकलं तेव्हा जीपमध्ये डिझेल इंजिनं आली. कंपनीनं आधी ट्रॅक्टरचं इंजिन वापरलं, पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याचं. मिस्त्रींनी तर जे मिळेल ते बसवून दाखवलं. बसवता आलं, कारण बोनेटखाली हात घालायला जागा होती.

मग एसटी जिथे दिवसातून एकदा जायची किंवा जातच नव्हती, तिथे या गाड्या माणसं वाहू लागल्या. सातारा-कोल्हापूरकडे त्याला ‘वडाप’ म्हणतात, मराठवाड्यात ‘काळी-पिवळी’. त्यातल्या कितीतरी गाड्या लांब आकाराच्या, काही तर दुसऱ्याच कंपनीच्या ट्रॅक्स. तरी लोक म्हणणार जीपच. बाळंतीण त्यातून दवाखान्यात गेली, बाजाराची भाजी गेली, बारावीची पोरं परीक्षेला गेली. नवाच्या जागी अठरा माणसं बसली, मागे लोंबकळलीसुद्धा, आणि घाटात अशा गाड्या कोसळून घरंच्या घरं बसली. गाडी ओझं सहन करते म्हणून ते वाढवतच नेलं, तर मजबुतीसुद्धा जिवावर उठते. फिलिपीन्समध्ये युद्धातल्या उरलेल्या जीप लांब करून, रंगवून ‘जीपनी’ तयार झाल्या, त्या याच वडापच्या लांबच्या बहिणी.

जीपचं रक्त इतरत्रही पसरलं. इंग्लंडात रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर जुनी जीप वापरत. तिच्यावरून १९४८ मध्ये लँड रोव्हर आली. जपानच्या टोयोटानं १९५१ मध्ये जीपच्या धर्तीवर गाडी बनवली आणि फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली. जीप हे नाव विलीसचं असल्यामुळे १९५४ मध्ये तिचं नाव ‘लँड क्रूझर’ ठेवलं. वाळवंटात आणि युद्धग्रस्त देशांत भरवशाची गाडी म्हणून आज आधी नाव निघतं ते या धाकटीचं.

आणि थोरली? तिचं नाव विकलं जात राहिलं. १९५३ मध्ये कैसर, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स, १९८७ मध्ये क्रायस्लर. त्यानंतर जर्मन डाइमलरचा संसार, मग इटलीची फियाट आणि २०२१ पासून स्टेलांटिस. प्रत्येक मालकाला नाव हवं होतं, कारण नावात भरवसा साठलेला होता. पण साठा वापरला की तो कमीही होतो. १९८० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी दूरदर्शनवर सीजे-फाइव्ह जीप वळणावर उलटत असल्याच्या चाचण्या दाखवल्या गेल्या आणि खळबळ उडाली. २०१३ मध्ये मागच्या बाजूला असलेल्या इंधन टाकीमुळे पंधरा लाखांहून जास्त जुन्या जीप दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. २०१६ मध्ये ग्रँड चेरोकी आणि तिच्या भावंडांतला गिअरचा दांडा नेमका कुठे आहे हे चालकाला कळत नाही, म्हणून जगभरातल्या अकरा लाख गाड्या बोलवाव्या लागल्या. हा शेवटचा दोष मला फार बोलका वाटतो. जुन्या जीपचा दांडा जिथे ढकलाल तिथे खटकन बसायचा. नवा दांडा इलेक्ट्रॉनिक, हात सोडला की पुन्हा मधोमध येणारा. गाडी उभी आहे असं समजून माणूस उतरायचा आणि गाडी घरंगळायची.

जीप आज आपल्या शेजारीही बनते. २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला ‘कंपास’ तयार होते. तिकडे महिंद्रनं २०१८ मध्ये अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची, जुन्या घाटाची छोटी गाडी विकायला काढली, तेव्हा जीपच्या मालकांनी आमचं रूप चोरलं म्हणून तक्रार केली. २०२० मध्ये तिथल्या आयोगानं ती तक्रार मान्य केली. महिंद्रनं रॉक्सरचं तोंड बदललं आणि त्याच वर्षी बदललेल्या गाडीला परवानगी मिळाली. जिचा आराखडा सरकारनं तीन कंपन्यांत वाटला होता, तिच्या चेहऱ्यावरून ऐंशी वर्षांनी कोर्टकचेऱ्या झाल्या.

आजच्या गाड्या जुन्या जीपपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत, धूर कमी सोडतात आणि बिघडतातही कमी. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. अठरा माणसं कोंबलेली वडाप ज्यानं पाहिली आहे, तो असं म्हणूच शकत नाही. पण आजची गाडी बिघडते तेव्हा बोनेट उघडून काही दिसत नाही. संगणक लावल्याशिवाय दोष कळत नाही आणि तो संगणक कंपनीच्या ताब्यात असतो. ट्रॅक्टरपासून मोबाइलपर्यंत हीच तऱ्हा झाली, म्हणून जगभर ‘दुरुस्तीच्या हक्का’ची मागणी उठली. आपल्या केंद्र सरकारनंही २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. शेतीची यंत्रं आणि मोटारी दोन्ही तिच्या विषयांत आहेत. शहरातल्या माणसाला हा ग्राहकहिताचा मुद्दा वाटेल. पण सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर असलेल्या गावात पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर अडला, तर तो पोटाचा प्रश्न होतो.

१९४० मध्ये सैन्यानं जे मागितलं होतं, तेच त्या गावालाही हवं आहे. ओझं ओढणारं यंत्र हवं, आणि ते बंद पडलं तर जवळच्या माणसाला उघडता यावं. जीपच्या दिव्याला ती बिजागरी बसवणाऱ्याला आपल्या गाडीच्या नावाचं पुढे काय होणार हे माहीत नव्हतं. गाडी अंधारात बंद पडेल, एवढं मात्र त्यानं लक्षात ठेवलं होतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)